शिक्षणाचा भार कोणाच्या खांद्यावर?

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वसतिगृहे रिकामी झाली आणि शेतकरी, शेतमजूर, ऊसतोडणी कामगार यांची मुले आपापल्या गावी परतली. मधले काही दिवस वगळता ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांचे महाविद्यालय मोबाइलच्या पडद्यापुरते उरले. संकटकाळी केलेली सोय म्हणून याला कोणी दोष देणार नाही. परंतु साथ चालू असतानाच, मे २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा देणारा मसुदा पुढे ठेवला. आपत्तीतली सोयच उद्याचे धोरण होऊ पाहत असेल, तर त्या सोयीची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

हा हिशेब मांडण्यास सातारा-सांगलीइतकी योग्य भूमी दुसरी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. सर्व जातींची मुले तेथे एका छपराखाली राहिली व एका पंक्तीला जेवली. ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, आणि श्रम करून शिकण्याची 'कमवा आणि शिका' ही रीत उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. या साऱ्या खटाटोपामागे एक साधे सत्य होते. गरिबाच्या मुलाला नुसता शिक्षक देऊन भागत नाही. त्याला दिवा, भाकरी, निवारा, पुस्तक आणि सोबतही द्यावी लागते. वसतिगृह ही शिक्षणाची पुरवणी नव्हती. बहुजनांसाठी तोच शिक्षणाचा पाया होता.

टाळेबंदीत हा पायाच निखळला. ग्रंथालयाची जागा पीडीएफने घेतली, प्रयोगशाळेची जागा चित्रफितीने घेतली. श्रमाचा मोबदला देणारा परिसरच बंद झाल्याने 'कमवा' संपले आणि केवळ 'शिका' एवढा आदेश उरला. संस्थेने पुरवायची खोली, वीज आणि साधने यांचा खर्च गाजावाजा न होता घराच्या माथी आला. काही हजारांचा मोबाइल आणि दर अठ्ठावीस दिवसांनी संपणारे रिचार्ज हीच नवी फी झाली. तीही अशा वेळी, की जेव्हा मुंबई-पुण्याहून घरी येणाऱ्या मनिऑर्डरी आणि गावातली रोजंदारी दोन्ही आटल्या होत्या.

वस्तुस्थिती शासनाला अज्ञात होती असेही नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. पुढील दोन वर्षांत मोबाइल वाढले हे खरे. पण घरात एक मोबाइल असणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तो तासन्‌तास असणे यांत महदंतर आहे. त्यातून पाटण आणि जावळीच्या डोंगरवाड्यांत रेंज मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते. जत, आटपाडी, माण या दुष्काळी तालुक्यांत रिचार्जचे पैसे हाच मोठा प्रश्न असतो. जुलै २०२१ मध्ये तर पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि सांगलीत कृष्णेचे पाणी घरांत शिरले. आधीच तुटक असलेला हा धागा अशा वेळी कितीसा टिकणार?

मुलींची हानी याहून खोल आहे. वसतिगृहात तिला अभ्यासाची हक्काची वेळ असते. घरी चूल, धुणे आणि धाकटी भावंडे तिची वाट पाहत असतात. एकच मोबाइल असेल तर तो आधी भावाच्या हाती जातो. आणि शिक्षण थांबलेलेच आहे, मग लग्न का लांबवायचे, या प्रश्नापुढे ती निरुत्तर होते.

ऑनलाइन वर्ग नसते तर वर्ष वाया गेले असते, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. अनेक प्राध्यापकांनी अपुऱ्या साधनांनिशी मनापासून शिकविले. वादाचा मुद्दा तंत्राचा नसून त्याच्या मालकीचा आणि खर्चाचा आहे. केरळने जून २०२० पासून शालेय पाठ दूरदर्शन वाहिनीवरून दिले आणि ज्यांच्या घरी संच नव्हता, त्यांच्यासाठी ग्रंथालये व अंगणवाड्यांतून सामुदायिक सोय उभी केली. तेथेही सारे सुरळीत झाले नाही. परंतु साधन पुरविणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व तरी मान्य झाले.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी वाचनालये आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तेथे एक खोली, अखंड वीज, चांगले इंटरनेट आणि चार-सहा संगणक देणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. महाविद्यालय बंद ठेवण्याची पाळी पुन्हा आली, तर 'कमवा आणि शिका'तील विद्यार्थ्यांचा मोबदला चालू राहिला पाहिजे, पुस्तके एसटीने गावी पोहोचली पाहिजेत, आणि जेथे रेंज नाही तेथील विद्यार्थ्याला परीक्षेची दुसरी संधी हक्काने मिळाली पाहिजे. या तरतुदी आधी व्हाव्यात. ऑनलाइनच्या टक्केवारीची चर्चा त्यानंतर करावी.

भाऊरावांनी घराघरांतला भार उचलून समाजाच्या खांद्यावर ठेवला होता. तोच भार पुन्हा शेतमजुराच्या झोपडीत नेऊन ठेवणे, याला आधुनिकता म्हणता येणार नाही.