अंगणवाडीतील खेळ आणि सरकारी जमाखर्च

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण हेही तिचे एक कलम होते. पन्नास वर्षांनंतर या योजनेचा जमाखर्च मांडावयास बसले तर शिध्याचे वाटप, लसींच्या मात्रा आणि मुलांची वजने यांचे आकडे हाती लागतात. खेळातून शिकण्याच्या रकान्यात मात्र हजेरीपलीकडे फारसे काही सापडत नाही. जे मोजता येत नाही, त्यावरील खर्चाला प्रथम कात्री लागते, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला अनुभव येथेही येतो.

वस्तुतः अंगणवाडी ही कल्पना मूळची शिक्षणाचीच. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढील पेच बराचसा आर्थिक होता. माँटेसरी पद्धतीचे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते, आणि गरीब वस्तीतील मूल बालवाडीपर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया व पाने आणली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी हे काम वाढविले. चिंचोक्यांची एकी-बेकी खेळताना मूल गणनच करीत असते. भातुकलीत वाटे घालताना ते समान भाग करते, आणि वाट्यावरून भांडताना भाषाही शिकते! परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ताराबाईंनी साहित्य स्वस्त केले. शिक्षिकेचे कसब स्वस्त मानले नाही. शासनाने शब्द उचलला आणि शिक्षिकाही स्वस्तच असते असे गृहीत धरले. अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते. तिला उपदान देय आहे, एवढे ठरावयास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० नंतरच्या दशकात सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बालके निवडून त्यांचे गट पाडले. काहींना दोन वर्षे दूधयुक्त पूरक आहार दिला; काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळावयास शिकवीत असे. खेळणी टाकाऊ वस्तूंची होती. वीस वर्षांनी याच मुलांची मिळकत तपासली, तेव्हा खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. अर्थात म्हणून शिधा कमी करावा असा अर्थ कोणी काढू नये. भुकेले मूल खेळत नाही.

तथापि खेळ म्हणजे जादूची कांडी, असा जो प्रचार हल्ली खेळणी विकणाऱ्यांनी चालविला आहे, त्यालाही आधार नाही. एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की प्रभृतींनी दिल्लीतील बालवर्गांत गणिती खेळांचा प्रयोग केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार मुलांची संख्या व आकार यांची उपजत जाण वर्षभरानंतरही सुधारलेली राहिली. परंतु शाळेतील अंक व चिन्हे यांच्या गणितात ती आघाडी टिकली नाही. चिंचोक्यांपासून पाटीवरच्या अंकापर्यंतचा पूल आपोआप बांधला जात नाही. तो बांधावयास जाणती शिक्षिका लागते, आणि तिच्यापाशी वेळ लागतो.

हा वेळच आज दुर्मिळ झाला आहे. सेविकेने वजने घ्यावयाची, शिधा वाटावयाचा, गृहभेटी द्यावयाच्या, मोबाईलवर माहिती भरावयाची आणि उरल्या वेळात शिकवावयाचे. ज्या पालकांना थोडी ऐपत आहे ते मुलाला खाजगी शिशुवर्गात घालतात. तेथे चार वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेतली जातात, कारण भरलेली वही हा पालकाला दिसणारा एकमेव पुरावा असतो. त्यांना दोष कसा द्यावा? गुणवत्ता पारखता येत नाही तेथे ग्राहक दृश्य खुणांवरच भाव ठरवितो.

यावर उपाय नाही असे नाही. तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांच्या पाहणीत, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्या ठिकाणी केवळ शिकविण्यासाठी एक अर्धवेळ सेविका वाढविण्यात आली. कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे शिकविण्याचा वेळ दुपटीने वाढलेला आढळला. भाषा व गणितात मुले पुढे गेली, आणि मूळच्या सेविकेला उसंत मिळाल्याने कुपोषणही घटले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षणासाठी राज्य ‘प्रयत्नशील’ राहील एवढेच म्हटले आणि मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून दिला. त्यामुळे महाराष्ट्रावर अशी नेमणूक करण्याची कायदेशीर सक्ती नाही. निदान तिचा खर्च पुढील अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली मांडला जावा. वित्त विभागाला तो नामंजूरच करावयाचा असेल, तर सभागृहासमोर उघडपणे करावा.