कुलूप शाबूत, पण किल्ली कोठे?

व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याच्या वहीत असते. माल गेला तर पुन्हा भरता येतो; परंतु येण्यादेण्याची नोंद नष्ट झाली म्हणजे पेढीची पतच डळमळते. हैदराबादकरांस पाण्याचा धोका निराळा सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हे शहर उद्ध्वस्त केले; ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीतही अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

भिजलेल्या वहीची पाने वाळवून थोडीफार वाचता येत. आज वहीच्या जागी लॅपटॉप आला आहे. तो भिजला तरी आतील डिस्क पुष्कळदा शाबूत असते. तो लगेच चालू करण्याचा वा चार्जिंगला लावण्याचा मोह मात्र टाळावा. पण डिस्क वाचली म्हणजे हिशेब वाचला, असे नव्हे. हल्ली डिस्कवरील मजकूर कूटबद्ध असतो व त्याची नेहमीची किल्ली मदरबोर्डावरील चिपेत राहते. मदरबोर्ड निकामी होऊन डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, की विंडोजची बिटलॉकर व्यवस्था ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हरवली तर खुद्द मायक्रोसॉफ्टही नवी करून देऊ शकत नाही. पुष्कळ यंत्रांत हे कुलूप आपोआप लागते आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. ते खाते कोणाच्या नावाचे, हेच पेढीत कित्येकदा कोणास ठाऊक नसते!

कोणी म्हणेल, कुलूपच काढून टाकावे. हे मत आम्हास मान्य नाही. लॅपटॉप चोरीस गेला तर ग्राहकांच्या माहितीचे रक्षण तेच करते. दोष कुलपाचा नव्हे, किल्लीच्या अव्यवस्थेचा आहे. तिजोरीची किल्ली आपण एकाच माणसाच्या स्मरणावर कधी सोपविली नाही. पेढीचा कर्ता पुरुष अकस्मात गेला, तर घरच्यांनी येणे कशाच्या आधारे मागावे?

कायद्याचाही हाच आग्रह आहे. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांतील ५७ वा नियम सांगतो की, अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी काळात पुन्हा उभ्या करता येतील अशी प्रत राखावी, आणि मागणी होताच पासवर्डही द्यावा.

तात्पर्य, रिकव्हरी की कागदावर उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर ठेवावी; ती घरातील दोघा विश्वासू माणसांस ठाऊक असावी. हिशेबाची प्रत दुकानाबाहेर ठेवावी व अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. दिवाळीस वहीपूजन करताना एवढी तपासणी केली, तर पुढील वर्षी पाणी आले तरी पेढीची पत वाहून जाणार नाही.