नट कोणी आवळला होता?

आमचं डब्लिन कॅलिफोर्नियातलं. आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलंही नव्हे. 580 आणि 680 हे दोन महामार्ग जिथं एकमेकांना छेदतात त्या नाक्यावरचं गाव. इथल्या मराठी घरांतली शनिवार सकाळ म्हणजे गणिताचा क्लास, पोहणं, नाहीतर शाळेतली मराठी. हल्ली चार-दोन घरांच्या गॅरेजमध्ये गो-कार्टही दिसू लागली आहे. आमच्याकडंही एक आहे. लेक अकरा वर्षांची, दीड वर्षापासून शिकते आहे. सांगलीहून आलेल्या माझ्या आईला हे सगळं विचित्रच वाटलं, पण 'कार्टी कार्ट चालवते' हा विनोद तिला इतका आवडला की सहा महिन्यांत तिनं तो भेटेल त्याला ऐकवला.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी आम्ही सगळे इथून दोन तासांवरच्या एका ट्रॅकवर होतो. सरावाची दुसरी फेरी चालू होती. लेक वळणातून बाहेर पडली आणि तिच्या कार्टचं डावं मागचं चाक निघालं. कार्ट आसावर बसली, ठिणग्या उडवत गोल फिरली आणि गवतात जाऊन थांबली. पोरगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. चाक मात्र थांबलं नाही. ते कार्टला मागं टाकून सरळ गेलं, टायरांच्या भिंतीवर आपटून उडालं आणि आई जिथं घडीच्या खुर्चीवर बसली होती, तिथून सात-आठ फुटांवरच्या कचऱ्याच्या डब्यावर पडलं. डबा आडवा झाला. आईच्या हातातला चहाही सांडला नाही, कारण काय झालं ते कळायला तिला वेळच मिळाला नव्हता.

मी धावत जाऊन आधी लेकीला बघितलं, मग आईला, आणि मग टीमकडं कामाला असलेल्या मेकॅनिक पोराला नको ते बोललो. जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा. तो काही बोलला नाही. नट आवळले होते असं त्यानं म्हटलं नाही, आणि नव्हते असंही नाही.

परतीच्या वाटेवर आईनं एकच विचारलं, ''पाना कुणी फिरवला होता रे?''

मी म्हणालो, ''त्या मुलानंच. दुसरं कोण?''

रात्री झोप येईना तेव्हा आठवलं. टायर मी बदलले होते. तो मुलगा दुसऱ्या कार्टची साखळी लावत होता, म्हणून म्हटलं आपणच करू. तीन नट हातानं फिरवून बसवले, 13 चा पाना उचलला, आणि फोन वाजला. सांगलीहून दादा. आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र, आणि विषय सातबाऱ्यावरच्या नावांचा. मी बोलत बोलत सावलीत गेलो. परत आलो तेव्हा कार्ट रांगेत उभी होती. मला वाटलं, मुलानं आवळलं असणार. मुलाला वाटलं, बापानं आवळलं असणार.

हे सगळं जाहीर लिहायचं कारण असं की आमच्या ओळखीच्या कार्टवाल्या घरांत मी नंतर विचारून पाहिलं. चाक ढिलं झाल्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येकाकडं होता, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत चूक टीमची, नाहीतर ट्रॅकची होती.

कार्ट हे वाहन मुळात साधं आहे. 1956 मध्ये आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं दक्षिण कॅलिफोर्नियात नळ्यांचा सांगाडा केला, त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलं, आणि पॅसाडीनाच्या रोझ बाऊलच्या पार्किंगमध्ये लोक ते बघायला जमले. आजही रचना फारशी बदललेली नाही. स्प्रिंग नाही, शॉकअॅब्सॉर्बर नाही. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, त्यामुळं वळणात एक चाक रस्त्यावर फरफटतं. रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट चाकाच्या नटांवर येतो. हे नट बोटाच्या पेराएवढे आणि एका चाकाला तीन.

नट नुसत्या आट्यांवर टिकत नाही. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि रबरबँडसारखा परत आखडू बघतो. त्या ताणानं चाक घट्ट दाबलं जातं. ताण पुरेसा नसला की चाक केसाएवढं आडवं सरकतं, आणि अशा प्रत्येक सरकण्याबरोबर नट स्वतःच्या स्वतः उलटा फिरत जातो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. म्हणून हातानं बसवलेला नट पहिल्या फेरीत टिकतो, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, आणि चाक दुसऱ्या फेरीत जातं. आमचंही तसंच झालं. आतून नायलॉनचं कडं असलेले नट असतात, ते बरे. पण तेही पुन्हापुन्हा काढले-घातले की सैल पडतात. बोटानं सहज फिरला तर तो नट फेकून द्यायचा. डॉलरभराची वस्तू.

सुटलेलं चाक काय करतं हे मोटर रेसिंगनं फार मोठी किंमत देऊन शिकलं. 26 जुलै 1998 ला मिशिगनच्या शर्यतीत आणि 1 मे 1999 ला शार्लटला, दोन्ही ठिकाणी तीन-तीन प्रेक्षक गेले. 2000 मध्ये मोंझाला पाओलो जिस्लिंबर्ती आणि 2001 मध्ये मेलबर्नला ग्रॅहॅम बेव्हरिज हे स्वयंसेवक कामावर असताना चाक लागून गेले. 19 जुलै 2009 ला ब्रँड्स हॅचवर अठरा वर्षांच्या हेन्री सर्टीझच्या हेल्मेटवर दुसऱ्याच्या गाडीचं चाक आदळलं. त्याचे वडील जॉन सर्टीझ म्हणजे मोटरसायकल आणि फॉर्म्युला वन, दोन्हींत जगज्जेता झालेला आजवरचा एकमेव माणूस. या माणसाला गाड्यांतलं काय कळायचं राहिलं होतं? पोराच्या नावानं त्यांनी संस्था काढली, ती निधीसाठी कार्टिंगच्याच स्पर्धा भरवते.

ती चाकं अपघातात तुटून आलेली होती. म्हणून मोठ्या गाड्यांची चाकं आता मजबूत दोरांनी सांगाड्याला बांधतात. फॉर्म्युला वननं 2011 मध्ये एका चाकाला दोन दोर सक्तीचे केले. तरी 2023 च्या इंडियानापोलिस शर्यतीत एक चाक सुटून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून थेट पार्किंगमधल्या मोटारीवर पडलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. कार्टच्या चाकाला असा दोर नसतो, आणि ते जायला अपघातही लागत नाही. कार्टमध्ये पट्टा नाही, वर लोखंडी कमान नाही, आणि मुलाचं डोकं मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली.

हे फक्त शर्यतीपुरतं आहे असंही नाही. मार्च 2023 मध्ये लॉस एंजेलिसजवळ 118 महामार्गावर एका पिकअपचं चाक सुटलं आणि शेजारची मोटार त्यावर चढून हवेत उडाली, तो व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. मोटारीच्या चालकाचा जीव वाचला. 7 मार्च 2024 ला तर सॅन फ्रान्सिस्कोहून ओसाकाला निघालेल्या बोइंग 777 चं चाक उड्डाण होताच खाली पडलं आणि विमानतळाच्या कर्मचाऱ्यांच्या मोटारींवर आदळलं. विमान लॉस एंजेलिसला सुखरूप उतरलं.

आई म्हणते, तिचे अण्णा बैलगाडी जुंपल्यावर आसाची खीळ स्वतः दगडानं ठोकून बघायचे. गड्यानं ठोकली असली तरी. तिला कैकेयीही आठवली. आस मोडला तेव्हा हात घालून चाक सावरणारी ती कैकेयी पुराणातली आणि कीर्तनातली. वाल्मीकींची कैकेयी जखमी दशरथाला रणातून बाहेर काढते. कीर्तनकारांना बहुधा गाड्यांची जास्त माहिती होती.

आता मागणी. शर्यतीच्या दिवशी सकाळी कार्टची तपासणी होते, कागदावर सही होते, स्टिकर लागतो. पण टायर त्यानंतर बदलले जातात, दिवसातून दोन-तीनदा. म्हणजे चाकांपुरता तो स्टिकर निरर्थक. तपासणी ट्रॅकवर जायच्या फाटकाशी हवी, प्रत्येक फेरीआधी: एक माणूस, एक पाना, बारा नट. कार्टमागं अर्धं मिनिट. वेळापत्रक कोलमडेल असं सांगितलं जातं. रेंगाळलेल्या जेवणाच्या सुट्टीनं ते रोजच कोलमडतं. आणि वळणाच्या तोंडासमोर घडीच्या खुर्च्या मांडू देऊ नयेत. आपण आजी-आजोबांना नेमकं तिथंच बसवतो, कारण तिथून नात छान दिसते.

'वेव्हरवर सही केली आहे ना तुम्ही?' असं उत्तर मिळेल. केली आहे, न वाचता. पण वेव्हर म्हणजे आम्ही दावा लावणार नाही एवढंच. नट ढिले ठेवायची परवानगी नव्हे. आणि 'आम्ही टीमला पैसे देतो' हे आपलं पालकांचं म्हणणंही तेवढंच पोकळ आहे. इथं आल्यावर आपण घरचा नळ स्वतः बदलायला शिकलो, फर्निचर जोडायला शिकलो; पोरीच्या चाकाशी आल्यावर मात्र एकदम गिऱ्हाईक होतो. आवळायचं काम एकाचं असावं, त्यानं ते मधे न सोडता पुरं करावं, सुटलंच तर तिन्ही नट पहिल्यापासून.

कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, तिकडची मुलंही आता यात उतरतात. हे वाचणाऱ्या काका-मावश्यांनी भाच्याचा फोटो काढण्याआधी चाक हातानं हलवून बघावं. खडखडलं तर ओरडावं, लाजू नये.

पुढच्या शनिवारी मी त्या मेकॅनिक मुलाकडं गेलो आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, फाटकाशी आपण एकदा हात लावून बघायला हवं होतं, तेही राहिलं. खिशातून पिवळा पेंट मार्कर काढून माझ्या हातात दिला. नट आवळला की नटावरून बोल्टपर्यंत एक रेघ. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला.

फोन आता गाडीच्या कप्प्यात राहतो. दादा चिडलाय. सातबारा अजून तसाच आहे.