घरोघरच्या गोष्टी : परळांतलें शेवाळें

श्रावणांत अंगणाची फरशी घासून शेवाळें काढून टाकणें, हें आमच्या घरचें ठरलेलें काम. गेल्या वर्षीं मात्र धाकट्या सूनबाईनें आमचा हात धरला. "आई, हें परळांत लावूं या. आजींच्या खोलींत ठेवूं. शेवाळ्यानें हवा शुद्ध होते म्हणे!" आमच्या सासूबाईंना जुना दमा, आणि त्यांची खोली नेमकी रहदारीच्या रस्त्यावर. सुनेची माया मोडवेना. परंतु तिच्या म्हणण्यांत तथ्य किती, हें पाहणें अगत्याचें होतें.

शेवाळ्याला खरीं मुळें नसतात. त्याचीं पानें बहुधा एकाच पेशीच्या जाडीचीं. पाणी व क्षार तें पावसांतून आणि हवेंतून सर्वांगानें घेतें, व उडती धूळ त्यांत अडकते. एवढें खरें. म्हणून जर्मनींतील स्टुटगार्ट शहरांत २०१७ सालीं एका गजबजलेल्या रस्त्याकडेला शंभर मीटर लांबीची शेवाळ्याची भिंतच उभारण्यांत आली. पण मोजमापांत हवेंतील धूळ कमी झाल्याचें कांहीं दिसलें नाहीं. मग एका परळाची काय कथा!

तरीही शेवाळें निरुपयोगी नव्हे. तें वैद्य नसलें, तरी साक्षीदार उत्तम आहे. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरांत २०१३ सालीं झाडांवरील शेवाळ्याचे ३४६ नमुने तपासले, तेव्हां रंगीत कांचेच्या कारखान्यांजवळ कॅडमियम या विषारी धातूचें प्रमाण फार आढळलें. तोंवर त्याची कोणास दाद नव्हती.

हें वाचून आम्हीं दोन परळ केले. तळाला भोंकें, वर चार बोटें माती, ती दाबून त्यावर अंगणांतल्या शेवाळ्याचे तुकडे बसविले. खत नाहीं, ऊन नको, रोज साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा शिपका. ओलाव्यानें बुरशी धरते व ती दमेकऱ्यास बाधते, म्हणून परळ खोलींत न ठेवतां एक रस्त्याच्या खिडकीबाहेर, एक मागील पडवींत ठेवला.

कार्तिकांत दोन्हींतील मूठमूठ शेवाळें पांढऱ्या वाडग्यांत खळबळून पाहिलें. पडवीचें पाणी मातकट. खिडकीचें काजळासारखें काळें. सासूबाई तें पाहून म्हणाल्या, "म्हणजे हेंच मी वर्षानुवर्षें छातींत घेत होतें!"

त्याच दिवशीं त्यांचा पलंग मागील खोलींत हलविला. रस्त्याकडील खिडक्या सकाळ-संध्याकाळ रहदारीच्या वेळीं बंद असतात. केर काढण्याऐवजीं ओल्या फडक्यानें जमीन पुसतों. डॉक्टरांचें औषध अर्थातच चालू आहे.

चैत्रांत शेवाळें वाळून करडें पडलें. सूनबाई हिरमुसली, पण शेवाळें असें सहसा मरत नाहीं. मृगाच्या पहिल्या सरीसरशी तें पुन्हां हिरवें झालें. वाचकभगिनींनीं एक परळ अवश्य लावून पाहावा. तो हवा धुणार नाहीं; पण घरांतलें म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल कोणत्या खोलींत निजवावें, एवढें नक्की सांगेल.