तारांसकट

चाळिशी उलटली की माणसाला एखादा छंद जडतो, नाहीतर मधुमेह. मी छंद पत्करला. प्राध्यापकी पगारातून कॅमेरा आणि हातभर लांब भिंग घरी आणले, तेव्हा सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "आता ह्याला ठेवायचं कुठे? पुस्तकांनी जागा सोडलीय का?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन थेट जैसलमेरला गेलो. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, ही माझी समजूत पहिल्याच सकाळी मोडली. सेवण गवताचे माळ, रुई, केराची निष्पर्ण झुडपे आणि खेजडी! ही खेजडी म्हणजे आपली शमी. विराटपर्वातल्या पांडवांची शस्त्रे गेली वीस वर्षे मी वर्गात या झाडावर ठेवतो आणि उतरवतो. पण झाड समोर आले तेव्हा नाव जीपवाल्याला विचारावे लागले. तिकडे मात्र ती घरातल्या कर्त्या माणसासारखी आहे. तिचा पाला शेळ्यामेंढ्यांना, शेंगा माणसांच्या भाजीला आणि सावली सगळ्यांना.

अशाच एका खेजडीखाली एक वृद्ध मेंढपाळ डहाळ्या छाटत होता. डोक्याला लाल फेटा, भोवती शेळ्या, मागे सोनेरी गवत. चित्र कसे अगदी जमून आले होते! पण नेमक्या झाडामागून विजेच्या तारा गेल्या होत्या. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, गुडघे टेकले, शेवटी काट्यांत पालथा पडलो. तारा काही चौकटीबाहेर जाईनात.

माझ्या चष्म्यावरून म्हाताऱ्याने माझा व्यवसाय ओळखला असावा. आपल्या मारवाडी वळणाच्या हिंदीत त्याने विचारले, "मास्तर, काय हरवलं?"

"काही नाही, बाबा. या तारा चुकवतोय. फोटो बिघडतो."

त्याने कोयता खाली ठेवला. "तुम्हाला दिसतात म्हणून चुकवता. गोडावणाला दिसत नाहीत."

गोडावण म्हणजे आपला माळढोक. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. डोळे बाजूंना असल्यामुळे समोरचे नीट दिसत नाही. तार दिसते तेव्हा एवढे जड शरीर वळवायला वेळ उरलेला नसतो. आता हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत, तेही बहुतेक याच भागात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले. पण तिथे आज माळढोक दिसणे हा मोठाच योग.

राजस्थानात सूर्याची आणि वाऱ्याची वीज तयार होऊ लागली, तशा ती वाहून नेणाऱ्या तारा वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो बदलून विचारासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. धूर न सोडणारी वीज आपल्यालाही हवी आणि माळढोकही हवा. प्रश्न सोपा नाही खरा. पण पक्ष्याला वाट पाहायला किती दिवस आहेत?

"याच तारांखाली एक पडलेला मी उचलला होता," म्हातारा म्हणाला. "कोकरापेक्षा जड. फोटो काढायचा तर तारांसकट काढा."

मी उठलो, कपडे झटकले आणि उभ्याने, तारांसकट फोटो काढला.

तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. जागा सौभाग्यवतीनेच काढून दिली. यंदा फराळाला आलेले पाहुणे त्याच्यापुढे थांबतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "सुंदर! फक्त त्या तारा नको होत्या."

"मीही हेच म्हणालो होतो," असे म्हणून मी चकलीची बशी पुढे करतो आणि त्यांना बसवून घेतो. पुढची हकिकत जरा लांब आहे.