सातबारा नाही म्हणून जामीन नाही



येरवड्याच्या तुरुंगात माणूस सुधारतो असं सरकार सांगतं. हातमाग, सुतारकाम, शेती शिकवतात. असेल. पण ते सगळं शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. आपला माणूस आत जातो तो कच्चा कैदी म्हणून. गुन्हा शाबीत नाही, नुसती पुढची तारीख.

आणि जामीन मिळाला तरी तो सुटत नाही. कोर्ट जामीनदार मागतं. जामीनदाराचा सातबारा आणा, नाहीतर ऐपतीचा दाखला आणा. मावळातल्या कातकरी वाडीवर सातबारा कोणाच्या घरात सापडेल? खोऱ्यातली चांगली जमीन टाटांच्या आणि पवनेच्या धरणाखाली गेली. झोपडी मालकाच्या जागेत, नाचणी-वरई फॉरेस्टच्या माळावर. म्हणजे ज्या जमिनीवर नांगर धरला म्हणून केस झाली, त्याच जमिनीचा कागद दाखव, मग सोडतो! याला न्याय म्हणायचं?

१९७८ साली सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस झाली. मध्य प्रदेशातला गरीब माणूस. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालला नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. म्हणजे स्वतःची सही किंवा अंगठा, जामीनदार नाही. हा निकाल वाडीवर कोणी येऊन सांगितला? वकिलाने फी घेतली, पण हे सांगितलं नाही.

१९५८ चा परिविक्षा कायदाही आहे. पहिलाच गुन्हा असेल तर तुरुंगात न घालता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडता येतं. पण त्यात अट आहे, त्याचं नाहीतर जामीनदाराचं कायम राहण्याचं ठिकाण किंवा नियमित धंदा पाहिजे. दिवाळीनंतर कोळशाच्या भट्टीवर सहा महिने जाणाऱ्या माणसाने कोणतं ठिकाण सांगायचं? तुरुंगातून संचित रजेवर यायचं तरी परत जामीनदारच.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानाने काढली. खुनाची शिक्षा झालेले लोकसुद्धा तिथे भिंतीशिवाय राहतात, बायकापोरं घेऊन जमीन कसतात. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच निघाला, जत्रेत पाहिलाही असेल. काम चांगलं आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण जमीन कसायला दिली की खुनीसुद्धा माणसात येतो हे ज्या सरकारला इतकी वर्षं माहीत आहे, ते आमच्या म्हातारीला करवंदाच्या जाळीशेजारी कुदळ मारली म्हणून गुन्हेगार कसं ठरवतं?

आमची मागणी दोन ओळींची आहे. भूमिहीन आदिवासीला जातमुचलक्यावर सोडा. कसतो त्या जमिनीचा सातबारा त्याच्या नावे करा.

ज्या वाडीतला माणूस आत आहे त्यांनी त्याचं नाव, अटकेची तारीख आणि कलम कागदावर लिहून कार्यकर्त्याकडे द्यावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.