दोन सायलेन्सरांची जावा

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नव्या जावा मोटरसायकलीचं अनावरण झालं, तेव्हा जुन्या जावावाल्यांनी रंग, टाकी, हेडलाइट हे सगळं नंतर पाहिलं असेल. आधी मोजले असतील ते सायलेन्सर. दोन होते. बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला असणार.

जुन्या जावाचं इंजिन एकाच सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, २५० सीसीच्या आतलं. पण जळका वायू बाहेर टाकायला त्या एका सिलिंडरला डावी-उजवी अशा दोन वाटा होत्या, म्हणून दोन पाइप आणि दोन लांबलचक सायलेन्सर. नव्या गाडीचं २९३ सीसी इंजिन महिंद्राच्या ‘मोजो’ मोटरसायकलीच्या इंजिनावरून घडवलेलं, फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारं. त्याचं एका सायलेन्सरवर सहज भागलं असतं. तरी कंपनीने खटपट करून दोन बसवले, कारण एका सायलेन्सरच्या गाडीला गिऱ्हाइकाने जावा म्हटलंच नसतं. रेट्रो गाडीचं सगळं गणित यात आलं. जे पूर्वी यंत्राची गरज म्हणून होतं, ते आता ओळख म्हणून राहतं.

ओळख जपण्याजोगी होतीच. फ्रँटिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मन ‘वाँडरर’ कंपनीच्या मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं (Ja आणि Wa) जोडून ‘जावा’ केलं. भारतात ती रुजवली इराणी मंडळींनी. रुस्तम आणि फारुख इराणी यांची ‘आयडियल जावा’ म्हैसूरला उभी राहिली आणि १९६१ पासून तिथे गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे चेक कंपनीशी असलेला करार संपल्यावर त्याच कारखान्यातून ‘येझदी’ निघाली, इराणमधल्या यझ्द शहराचं नाव घेऊन. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. वीस वर्षांनी भारतासाठी जावाचे हक्क घेतले ते ‘क्लासिक लेजंड्स’ने. तिच्यात मोठा वाटा महिंद्राचा, आणि संस्थापकांत रुस्तम यांचे चिरंजीव, मुंबईतले बांधकाम व्यावसायिक बोमन इराणी. नवी गाडी मात्र म्हैसूरला नाही, मध्य प्रदेशात पिथमपूरला बनते.

जुन्या जावाची खरी गंमत चालवताना कळते. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवायचा, किक मारायची, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणायचा आणि त्याच दांड्याने गिअर टाकायचा. गिअरचा दांडा हलला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे डाव्या हाताला विश्रांती. ज्याला हे ठाऊक नाही त्याला गाडी सुरूसुद्धा करता येत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो ते दाखवल्याशिवाय राहत नाही! नव्या जावाला किकच नाही. बटण दाबलं की झालं.

आठवणींच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. जुनी जावा काही दुष्ट काळाने ओढून नेली नाही, लोकांनीच ती सोडली. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं, प्लगवर काजळी धरली की काढून घासायचा, मागे निळा धूर आणि रात्री सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्यात ऑइल मिसळायची भानगड नव्हती आणि लिटरमागे ती कितीतरी जास्त पळायची. ज्यांना रोज ऑफिस गाठायचं होतं त्यांनी हिशेब केला आणि पक्ष बदलला. त्यांचं काही चुकलं नाही.

रोजच्या वापरासाठी नवी जावाच घ्यावी, याबद्दल शंका नको. जुनीची ताकद जेमतेम १२ हॉर्सपॉवर, नवीची बाजारात आली तेव्हा २७. चारऐवजी सहा गिअर. पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस. घाटात ट्रकमागे अडकलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. १ लाख ६४ हजार रुपये शोरूम किंमत असूनही डिसेंबर २०१८ मध्येच कंपनीला ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं. सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या गाड्या आधीच विकल्या गेल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फायदाही नवीलाच.

जुनीच्या वाट्याला मात्र अडचणी वाढल्या आहेत. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीचं रबर खराब करतं. जिच्या इंजिनाचं वंगण पेट्रोलमधूनच जातं, तिच्यासाठी हे बरं नव्हे. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद करण्याची सोय सरकारने २०२१ मध्ये केली, पण अशी नोंद झाली की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मान मिळाला आणि रोजचं फिरणं बंद झालं. तरीही दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला देशभरात या गाड्या बाहेर पडतातच.

त्या पडू शकतात, कारण त्या दुरुस्त होतात. पॉइंट, कंडेन्सर, कार्ब्युरेटरचा जेट या सगळ्या हातात धरून बघता येण्याजोग्या वस्तू. पाना, फीलर गेज आणि थोडा अनुभव असलेला गल्लीतला मिस्त्री इंजिन उघडतो आणि पुन्हा बसवतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे भाग आजही कुठल्यातरी जुन्या बाजारात सापडतात किंवा लेथवर करून घेता येतात. नव्या जावात फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक आहे. प्रदूषणाचे नियम पाळायचे तर त्याला इलाज नाही. पण त्या संगणकाशी बोलणारं यंत्र आणि त्याची माहिती गल्लीत सहजासहजी पोचत नाही, आणि हे केवळ जावाबाबत नाही, बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक नव्या मोटरसायकलीबाबत खरं आहे.

रेट्रोच्या नावावर पैसे घेणाऱ्या कंपन्यांकडे बोट दाखवायचं ते इथे. टाकीचा आकार आणि मरून रंग त्यांनी वारसा म्हणून घेतला, पण मालकाला आपली गाडी स्वतः उघडता येणं हाही त्याच वारशाचा भाग होता. ग्राहक व्यवहार खात्याचं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे आणि वाहनं त्यात येतात. दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. निदान तेवढी वर्षं सुटे भाग मिळतील अशी लेखी हमी, संपूर्ण वर्कशॉप मॅन्युअल आणि दोष शोधणारं उपकरण वाजवी किमतीत कोणत्याही मिस्त्रीला, एवढं गाडी विकतानाच कंपनीकडून मागायला हरकत नाही.